‘मी तुमचा वकील नाही’ या वाक्याचा खरा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात २०१९ मध्ये वाळूच्या वादातून प्रश्नकर्त्याच्या थोरल्या भावाचा खून झाला. निकाल लागायला सहा वर्षे गेली. प्रत्यक्ष पाहणारे तीन साक्षीदार होते, त्यांतले दोघे फितूर झाले आणि जप्तीचा पंचही फितूर झाला. चारही आरोपींना संशयाचा फायदा मिळाला. निकालानंतर प्रश्नकर्ते सरकारी वकिलांना भेटायला गेले, तर त्यांना ऐकावे लागले, “मी तुमचा वकील नाही.” त्यांनी विचारले आहे : मग ते कोणाचे वकील? खटला चालवून न्याय मिळणार नसेल, तर तो चालवायचाच कशाला?

मी २७ वर्षे सत्र न्यायालयात सरकार पक्षातर्फे उभी राहिले. हा प्रश्न मला कोर्टाच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर आणि एकदा तर एका मयताच्या तेराव्याला विचारला गेला आहे. तेव्हा घाईत दिलेली उत्तरे अपुरी होती, म्हणून आता सविस्तर लिहिते.

तुम्हाला ऐकवलेले वाक्य कायद्याने बरोबर आहे. पण ज्याने भाऊ गमावला त्याला दारात उभे करून ते ऐकवणे माणुसकीला धरून नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाक्य बरोबर का आहे, हे मात्र समजून घ्या, कारण पुढे काय करायचे ते त्यावरच ठरते. खून हा फक्त तुमच्या घरावर झालेला आघात आहे, असे कायदा मानत नाही, तो साऱ्या समाजाविरुद्धचा गुन्हा मानतो. म्हणून खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला ‘महाराष्ट्र शासन’ असते आणि तुमचे नाव फिर्यादी किंवा साक्षीदार म्हणून आत कुठेतरी येते. सरकारी वकील त्या शासनातर्फे उभा असतो. तो पोलिसांचाही वकील नसतो, आणि ही गोष्ट पोलिसांच्याही फारशी पचनी पडत नाही.

१९९९ मध्ये ‘शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला होता. फिर्यादीच्या खासगी वकिलाला खटला स्वतः चालवायचा होता. न्यायालयाने नकार दिला. त्यामागचा विचार असा, की खासगी वकिलाचे सारे लक्ष शिक्षा मिळवण्यावर असते. सरकारी वकिलाने मात्र काहीही करून शिक्षा व्हावी, अशी तहान ठेवता कामा नये. आरोपीला कायद्याने एखादा फायदा मिळत असेल आणि त्याच्या वकिलाच्या नजरेतून तो सुटला असेल, तर तोही सरकारी वकिलानेच न्यायालयाच्या नजरेस आणायचा. पहिल्यांदा वाचताना मी तरुण होते आणि मला हे पुस्तकी वाटले होते.

पुढे एका मारामारीच्या खटल्यात मृताच्या घरच्यांनी फिर्यादीत पाच नावे घातली होती. चौघांविरुद्ध पुरावा होता. पाचवा आरोपींच्या घरातला शिकणारा मुलगा होता, आणि घटनेच्या वेळी तो परगावच्या रुग्णालयात दाखल असल्याची नोंद मला केस पेपरांमध्येच सापडली. तपासी अंमलदाराने ती जोडली होती, पण आरोपपत्रात तिचा उल्लेख केला नव्हता. युक्तिवादात मी ती नोंद स्वतः न्यायाधीशांपुढे ठेवली. मुलगा सुटला, चौघांना शिक्षा झाली. मृताच्या बायकोने त्यानंतर वर्षभर माझ्याकडे पाहिले नाही. मला आजही वाटते, की ती नोंद मी दडवली असती, तर उलटतपासात ती बाहेर आली असती आणि चौघेही सुटले असते. एक खोटे नाव साऱ्या फिर्यादीला कीड लावते.

म्हणून “सरकारी वकील कोणाचा?” याला माझे उत्तर असे : जे घडले ते पुराव्याने सिद्ध होण्याजोग्या रूपात न्यायालयापुढे ठेवणे हे त्याचे काम, आणि त्या कामाशी तो बांधलेला आहे. तुमच्या प्रकरणात ते काम नीट झाले का, हा खरा प्रश्न आहे. तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हे काम झाले नाही तर काय होते, ते बेस्ट बेकरी खटल्यात देशाने पाहिले. १ मार्च २००२ रोजी वडोदऱ्यात बेकरी जाळून १४ जणांना मारण्यात आले. जून २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सर्व २१ आरोपींना सोडले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. सरकार पक्षाने खटला कसा चालवला यावर कडक ताशेरे ओढून फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. मुंबईत फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली आणि पाच जणांना सोडले. मुख्य साक्षीदार मुंबईतही फिरली आणि तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल वर्षभराची कैद झाली. तरी शिक्षा टिकल्या. त्या आगीत स्वतः होरपळलेले बेकरीतले कामगार बोलले होते. त्यांना बोलते करणारा, त्यांच्या पाठीशी उभा राहणारा सरकार पक्ष या वेळी होता.

याची उलट बाजूही सांगायला हवी. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख परेड सदोष आहेत, स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला हेसुद्धा सरकार पक्षाने सिद्ध केलेले नाही, असे निकालात म्हटले. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास तिथे स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलेले नाही. अंतिम निर्णय काहीही लागो. ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली, त्यांना १९ वर्षांनंतर ‘कोणी केले’ याचे उत्तर नाही. ज्यांनी १९ वर्षे कोठडीत काढली, त्यांनाही ती वर्षे परत मिळणार नाहीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा निकाल १० मे २०२४ रोजी पुण्यात लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, उरलेले तिघे सुटले. त्यांच्याबाबत संशयाला जागा असली, तरी तपास यंत्रणांना त्याचे पुराव्यात रूपांतर करता आले नाही, असे न्यायालयाने नोंदवले. संशय आणि पुरावा यांच्यातले हे अंतर मी रोज पाहिले आहे. तुमच्या निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द आहेत ना? न्यायाधीशांनी तुमच्या भावाचा खून झालाच नाही असे म्हटलेले नाही. त्या चौघांनीच तो केला, हे आपल्यापुढे पुराव्याने आले नाही, एवढेच त्यांनी म्हटले आहे.

आता फितुरीकडे येते. लोकांना वाटते, साक्षीदार फिरला की पैसे खाल्ले असणार. काही खातातही. पण मी पाहिलेले बहुतेक फितूर साक्षीदार घाबरलेले किंवा थकलेले होते. वाळूच्या प्रकरणात ज्याचा ट्रॅक्टर, त्याचीच बहुधा सोसायटी असते आणि पाणीपुरवठा संस्थाही त्याचीच असते. साक्षीदाराची बोअर आणि आरोपीच्या चुलत्याची मोटार एकाच डीपीवर (विजेच्या रोहित्रावर) असते. सहा वर्षांत त्या साक्षीदाराच्या मुलीचे लग्न ठरते, सोयरीक आरोपीच्या पाहुण्यांत जुळते. अशा माणसाने पिंजऱ्यात उभे राहून चौघांकडे बोट दाखवायचे, तेही तीन-तीन वेळा तारीख पडून परत गेल्यावर! २००० मध्ये ‘स्वर्णसिंग’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या या हालांवर कळवळून लिहिले आहे. तो निकाल वाचताना मला आमच्या कोर्टाच्या जिन्यात डबा सोडून बसलेली माणसे आठवतात.

माझ्या एका खटल्यात साठीच्या एक आजी महत्त्वाच्या साक्षीदार होत्या. सात तारखांना त्या एसटीने आल्या आणि साक्ष न होता परत गेल्या. कधी आरोपीचा वकील आजारी, कधी न्यायाधीश रजेवर, एकदा तर मुद्देमालच पोलीस ठाण्यातून आला नव्हता. आठव्या वेळी मी पैरवी अधिकाऱ्याला, म्हणजे कोर्टाचे काम पाहणाऱ्या पोलिसाला, सांगितले, की त्यांना आदल्या संध्याकाळी समन्स देऊन मोकळे होऊ नका, सकाळी स्वतः जाऊन आणा आणि माझ्या केबिनमध्ये बसवा. त्यांनी चहा घेतला, मी त्यांना पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवला आणि एकच गोष्ट बजावली : “आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. जे पाहिलं तेवढंच सांगा.” दोन तासांच्या उलटतपासात त्या हलल्या नाहीत. साक्षीदाराला पढवणे गुन्ह्याइतकेच वाईट. पण त्याला भेटणे, धीर देणे, जबाब आठवून देणे हे सरकारी वकिलाचे काम आहे, आणि हे काम न करणारे वकील ‘निष्पक्षते’चे नाव पुढे करतात तेव्हा मला संताप येतो.

साक्षीदार फिरलाच, तर काम तिथे संपत नाही. न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकील स्वतःच्या साक्षीदाराचा उलटतपास घेतो. इथे फार ठिकाणी उरकाउरकी चालते. पोलीस जबाबातला ‘अ’ अशी खूण केलेला भाग दाखवायचा, “हे मी सांगितले नाही” हे उत्तर नोंदवायचे आणि बसायचे. खरा उलटतपास असा नसतो. तो त्या ठिकाणी होता का? जखमीला रिक्षात कोणी घातले? आरोपी आणि तो एकाच शिवारात राहतात का? साक्षीपूर्वी कोणी भेटायला आले होते का? अशा प्रश्नांतून फितूर साक्षीदाराकडूनही घटनास्थळ, वेळ, आरोपीची हजेरी या गोष्टी काढता येतात. फितूर झालेल्याची साक्ष पूर्ण बाद होत नाही, तिच्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय घेऊ शकते. हे आता पक्के झालेले तत्त्व आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘नीरज दत्ता’ प्रकरणात तर लाचेच्या सापळ्यातला तक्रारदार मेला किंवा फितूर झाला, तरी इतर पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते, असे ठरवले.

पंचाचेही तसेच. आरोपीने “दाखवतो” म्हणून काढून दिलेली कुऱ्हाड, त्याचा मेमोरँडम पंचनामा (आरोपीचे ते बोलणे पंचांसमोर लिहून घेतलेला कागद), आणि पंच म्हणतो, “पोलीस ठाण्यात कोऱ्या कागदावर सही घेतली.” असे झाले तर सारा भार तपासी अंमलदाराच्या साक्षीवर येतो. “पंचनामा मी केला, सही माझी आहे,” एवढे सांगून चालत नाही. आरोपी नेमके काय बोलला, कोणत्या वाटेने घेऊन गेला, हत्यार कोठून काढले, हे त्याने साक्षीत स्वतःच्या तोंडून सांगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका फाशीच्या प्रकरणात हे बारकाईने सांगितले आणि तो आरोपी सुटला. तुमच्या निकालपत्रात तपासी अंमलदाराची साक्ष कशी तपासली आहे, ते वाचा. मुद्देमाल जप्त झाला कधी, मुंबईत कलिन्याच्या किंवा जवळच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचला कधी, मधल्या दिवसांत कोठे होता, सील शाबूत होते का, हेही पाहा. माझे किती तरी खटले या मधल्या दिवसांत वाहून गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचे चित्रीकरण आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आले आहे. तुमच्या प्रकरणाला त्याचा उपयोग नाही, पण पुढच्या एखाद्या भावाला होईल.

तपासात किंवा खटल्यात कोणी कर्तव्यात कसूर केली असेल, तर त्याचे काय? याचे उत्तर फार थोड्यांना ठाऊक आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी ‘गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की प्रत्येक निर्दोष मुक्तता तपासली जावी. त्यासाठी पोलीस आणि अभियोग विभागातल्या (सरकारी वकिलांच्या खात्यातल्या) वरिष्ठांची स्थायी समिती असावी, चूक निष्पाप होती की दोषास्पद हे तिने ठरवावे आणि दोषास्पद असेल तर खातेनिहाय कारवाई व्हावी. तेव्हा पोलीस अधीक्षकांना आणि अभियोग संचालनालयाला लेखी अर्ज द्या, त्यात हा निकाल नाव-तारखेसह नमूद करा आणि निकालपत्रातली ताशेऱ्यांची पाने जोडा. रागाने “सगळे विकले गेले” असे लिहू नका. ‘मुद्देमाल अमुक दिवस ठाण्यात का राहिला,’ ‘साक्षीदार क्रमांक अमुकचा उलटतपास अर्ध्या पानात का संपला,’ असे लिहा. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कसूर झाल्याचे अधिक संभवनीय दिसले तरी कारवाई होऊ शकते. गुन्हेगाराला खटल्यात उभे करणे हा न्यायाचा भाग असेल, तर ज्याने तो खटला ढिला सोडला त्याला जाब विचारणे हाही त्याच न्यायाचा भाग आहे. माझ्या सहकाऱ्यांना हे कडू लागेल, तरी मी हे लिहिणारच.

अपील करता येते. सरकारने अपील करावे म्हणून प्रस्ताव जातो, त्याला वेळ लागतो आणि उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. पण फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००९ च्या दुरुस्तीने पीडिताला स्वतः अपील करण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याला अशा परवानगीची गरज नाही, हे २०१८ मध्ये ‘मल्लिकार्जुन कोडगली’ निकालाने स्पष्ट केले. तुम्ही भाऊ आहात. ‘पीडित’ या शब्दात कायदेशीर वारस येतो, म्हणून वाद टाळण्यासाठी अपील वहिनींच्या किंवा आईच्या नावाने करा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. त्यामुळे तुम्हाला मुंबईच्या फेऱ्या पडणार नाहीत. निकालपत्राची प्रमाणित प्रत आजच मागा, दिवस घालवू नका.

आशा किती ठेवावी, तेही सांगते. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूने दुहेरी गृहीतक असते : एक मुळातले निर्दोषत्वाचे आणि दुसरे सुटकेच्या निकालाने त्याला मिळालेले बळ. दोन निष्कर्ष शक्य असतील, तर अपिलात सुटकेचाच निष्कर्ष कायम राहतो. म्हणजे वाट चढणीची आहे. पण तुमच्याकडे एक साक्षीदार आहे जो फिरला नाही. किती साक्षीदार हवेत याचा आकडा आपल्या पुरावा कायद्याने ठरवलेला नाही, आणि एकाच विश्वासार्ह साक्षीदारावर खुनाची शिक्षा होऊ शकते, हे १९५७ च्या ‘वडिवेलू तेवर’ निकालापासून चालत आले आहे. खालच्या न्यायालयाने त्या तिसऱ्याची साक्ष स्वतंत्रपणे तोलली, की बाकीचे दोघे फिरले म्हणून तिलाही बाजूला सारले? तुमच्या वकिलांना सर्वांत आधी हे पान काढायला सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही जा. आरोपी सुटले तरी मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागता येते, आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तिथे मदत मिळते.

“खटला चालवायचाच कशाला?” हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. खटला नसता, तर त्या चौघांची सहा वर्षे रोजच्यासारखी गेली असती. त्यांना हजर राहावे लागले, तुमच्या भावाचे नाव भर न्यायालयात ऐकावे लागले, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मोजलेल्या जखमा ऐकाव्या लागल्या. हे पुरेसे नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही तुमच्या पत्रात दोन फितुरांबद्दल दोन पाने लिहिली आहेत आणि न फिरलेल्या माणसाबद्दल एक ओळ. तोही त्याच गावात राहतो. त्याच्याही बोअरची वायर त्याच डीपीवर असेल. निकालानंतर ते चौघे गुलाल उधळत गावात आले, असे तुम्ही लिहिता. त्या संध्याकाळी तो कोठे होता, त्याच्या घरी कोण गेले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. अपिलाच्या कागदांवर सह्या व्हायच्या आत त्याच्याकडे जाऊन या. साक्षीबद्दल एक शब्द बोलू नका. त्याला धमकी आली असेल तर महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे, अर्ज कसा करायचा ते मी लिहून पाठवते. नसेल आली, तर नुसता चहा घेऊन या.